पिठीच्या अंगावरच्या गाठी

गडमुडशिंगीच्या त्या गल्लीत आकारामला सगळे नाना म्हणायचे. आकाराम हे नाव विठाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लग्नातल्या उखाण्यात एकदा काय ते घेतलं. त्यानंतर ते तसं कुणी फारसं वापरलं नाही. विठाबाईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. एकुलती लेक स्नेहल राधानगरीकडं दिलेली, सासरी दुभत्या गाई, शेणामुतातून तिला डोकं वर काढायला सवड नाही. घरात माणूस म्हणाल तर आकाराम एकटा, आणि जीव म्हणाल तर दोन: तो आणि पिठी.

पिठी ही मांजरी. एवढीशी असताना ती पिठाच्या डब्यात पडली होती. आकारामनं तिला काढून झटक झटक झटकली, पुसली, तरी पांढरट ती पांढरटच. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की हे पीठ नाही, मांजराचा रंगच असा आहे. तोवर नाव पडून गेलं होतं.

एक दिवस सकाळी चहा पिता पिता त्याचा हात सवयीनं तिच्या मानेवरून फिरत होता, तो मध्येच थांबला. कातडीखाली काहीतरी टणक लागलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. जरा पुढं आणखी एक. पाठीवर चार-पाच, शेपटीच्या बुडाशी तर नुसता खडबडाट, आणि डाव्या कानामागं हरभऱ्याएवढी चांगली फुगलेली गाठ. आकारामनं तिला उताणी केली, पोट बघितलं, काखा बघितल्या. पिठी वैतागून निघून गेली. चहावर साय आली तरी आकाराम तसाच बसून होता.

कारण ह्या गाठी त्याच्या बोटांना माहीत होत्या. लंपी आली त्या साली त्यानं त्या आपल्या गाईच्या अंगावर रोज चाचपल्या होत्या. चंद्री नाव गाईचं. आधी ताप, मग अंगभर गाठी, मग पाय सुजले, मग तिनं वैरणीवरून तोंड फिरवलं. त्या दिवसांत जिल्ह्यात जनावरांचे बाजार बंद, गोठ्यागोठ्यात कडुनिंबाचा धूर, आणि माळावर जेसीबीनं खड्डे काढायचं काम चाललेलं. चंद्रीही तशाच एका खड्ड्यात गेली. वरून मिठाची पोती ओतली तेव्हा आकाराम तिथं उभा होता आणि त्याला रडायलाही आलं नाही, इतका तो थकला होता.

पण त्याच्या मनात रुतून बसलं ते वेगळंच. चंद्रीच्या पाठोपाठ भिंतीपलीकडच्या आक्काच्या गोठ्यात लंपी शिरली. तिची गाय वाचली, पण आटली ती आटलीच. पुढं एकदा दूध संस्थेच्या कट्ट्यावर बोलणं चाललं असताना सचिव विजयसिंह सहज म्हणाला, "आपल्या गल्लीत आधी नानाच्या गोठ्यात आली, तितनं पसारली." त्यात वाकडं काही नव्हतं, घरं मोजता मोजता तो बोलून गेला. आक्कानं तर कधी चकार शब्द काढला नाही. उलट गोठा रिकामा झाल्यापासून रोज संध्याकाळी धारेच्या वेळी आकाराम तिच्या अंगणात जाऊन बसायचा, तर त्याला पेलाभर दूध मिळायचं, आणि वर घरी न्यायला किटलीत पिठीपुरतं. त्यामुळं ते बोलणं त्याला जास्तच लागलं.

मांजराला लंपी होते का, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. उभा जन्म ज्याचा गोठ्यात गेला, त्याला आजार दिसणार तो गोठ्यातलाच. लंपी आली, एवढं त्यानं धरलं, आणि त्याला दोन बाजूंनी भीती वाटली. एक म्हणजे पिठी जाणार. दुखण्यानं नाही गेली तर माणसं घालवणार. कारण आक्काचा मुलगा उदयसिंह, त्याच्या दावणीला म्हशीशेजारी नवी गाय गाभण होती, आणि नको असलेलं मांजर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून यायचं ही गल्लीची जुनी रीत. दुसरी भीती अशी, की ह्या खेपेलाही पलीकडं दुखणं गेलं तर ते आपल्याच घरातून गेलं असं होणार. तेवढं तोंड आता आकारामपाशी उरलं नव्हतं.

मग त्यानं ठरवलं. गाठी बसेपर्यंत पिठी उंबऱ्याबाहेर जाणार नाही, आणि आपणही जायचं नाही. लंपी माश्यांनी पसरते, आणि माश्या काय, कपड्यावर बसूनही जातात. संस्थेचा कट्टा बंद, आक्काचं अंगण बंद. आणि हे कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की पोतं आलंच.

सांगायचं नाही म्हटल्यावर निमित्त पाहिजे. आकारामनं गुडघा निवडला. गुडघा बरा असतो, तो आत दुखतो, बाहेरून कुणाला तपासता येत नाही. "गुडघ्यात पाणी झालंय, चालायचं न्हाय म्हणून सांगितलंय डाक्टरनं," हे त्यानं दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. बरं वाटलं. तरी विठाबाईचा जुना पट्टा ट्रंकेतून काढून त्यानं उजव्या गुडघ्यावर चढवला. विजयसिंह आला तर तो हाडाच्या डॉक्टरचं नाव सुचवणार हे नक्की होतं, म्हणून त्याच्यासाठी वेगळं उत्तर जुळवलं. आक्काला मात्र थोडक्यात सांगायचं, नाहीतर ती शेकायला विटा घेऊन येईल आणि मांजर बघेल.

तयारी अशी पक्की झाली. दारं-खिडक्या लागल्या. कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं पिठीला पुसली, तेलात हळद कालवून गाठींना लावली. पिठीनं ती सगळी चाटून काढली आणि कोपऱ्यात जाऊन ओकली. धूर केला तर ती माळ्यावर जाऊन बसली आणि खोकला आकारामलाच लागला. चंद्री बिचारी हे सगळं उभ्यानं सोसायची. मांजराला सोसणं कसलं ते ठाऊकच नसतं.

संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडं बादल्या वाजायच्या. उदयसिंहच्या मोबाईलवर गाणी लागायची. आक्काचा आवाज मुळातच असा, की ती कानात सांगू लागली तरी दोन घरं ऐकतात. आकाराम धुतलेला सदरा घालून दाराजवळच्या खुर्चीत पट्ट्याचा पाय लांब करून बसायचा. आत्ता कुणीतरी हाक मारणार. किटली घेऊन नाना आला नाही, हे आक्काच्या ध्यानात येणारच. किटली नाही तर नाही, निदान तो बसतो तो दगड मोकळा दिसणारच.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. त्याला वाटलं, गडबडीत असतील. दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. मग त्यानं कोरा चहा प्यायची सवय केली आणि पिठीला भाकरी डाळीच्या पाण्यात कुस्करून घातली. ती तिनं हुंगली आणि त्याच्याकडं असं बघितलं, की त्यालाच लाज वाटली.

एकदा खरंच कडी वाजली. आकाराम लगबगीनं उठला, मग आठवण होऊन लंगडत गेला, दार बोटभर उघडलं. बाहेर कुणी परका माणूस, हातात लग्नाच्या पत्रिका. "पावणं, धोंडुबाईचं घर कंचं?" आकारामनं घर सांगितलं. पण माणूस वळायच्या आतच त्याच्या तोंडून सुटलं, "मी आलो असतो दावायला, पर गुडघ्यात पाणी झालंय. चालायचं न्हाय म्हणून सांगितलंय." आणि मग थांबवेना. कधीपासून दुखतोय, जिना कसा चढवत नाही, हाडाच्या डॉक्टरकडं का गेलो नाही, सगळं सांगून झालं. पाहुणा भला होता. त्यानं ऐकून घेतलं, तीळतेल कोमट करून चोळा म्हणाला आणि धोंडुबाईकडं गेला. एवढं घोटून ठेवलेलं निमित्त, ते एका वाटसरूवर खर्ची पडलं. आकारामनं दार लावलं आणि स्वतःशीच हसला, पण हसणं काही पोटात उतरलं नाही.

दिवाळी जवळ आली होती. स्नेहल दोन दिवस येते म्हणाली होती. तिच्या सासरच्या गाईंचा विचार करून आकारामनं फोन लावला. "बाळ, ह्या खेपंला येऊ नगंस. माझा गुडघा धरलाय. तुझं हाल हुतील हितं."

"बरं नाना," स्नेहल म्हणाली. "तसंबी अवघडच हुतं. नणंदा येणार हायत, गाईंकडं बघायला माणूस न्हाय. मग पुढच्या म्हयन्यात बघू की. जपा, काय?"

तिनं हट्ट करावा, निदान थोडं रागवावं, असं त्याला फोन लावतानाच वाटत होतं. फोन ठेवून त्यानं गुडघ्यावरचा पट्टा नीट केला. कुठला गुडघा, एवढं तरी विचारायचं होतं.

त्या आठवड्यात त्याला एक गोष्ट नीट समजली. माणूस घरात कोंडून घेतो तेव्हा कोंडल्याचा त्रास नसतो. बाहेर आपल्या नावाची काही जागा होती आणि ती आता रिकामी आहे, एवढं कुणाच्या तरी डोळ्यांत दिसलं की माणूस महिनाभरही आत बसेल. आकारामला ते दिसत नव्हतं. पलीकडं धारा निघत होत्या, आक्का ओरडत होती, आणि कुठंही काही अडत नव्हतं.

इकडं पिठीच्या कानामागची गाठ बोराएवढी झाली. तिनं खाणं सोडलं. खाटेखाली जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली, हात लावला तर अंग तव्यासारखं तापलेलं. चंद्रीनंही शेवटी असंच भिंतीकडं तोंड केलं होतं. आकाराम जमिनीवर पालथा पडून खाटेखाली बघत म्हणाला, "पिठे, असं करू नगंस. तू गेलीस तर मी कुणाशी बोलू गं?" हे बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंनुसं झालं, आणि तो उठला.

गावातल्या सरकारी दवाखान्यात जायची सोय नव्हती. तिथले डॉक्टर उदयसिंहच्या गोठ्यात रोजचे. दुपारी गल्ली जेवून आडवी झाल्यावर त्यानं पिठीला एका बांबूच्या बुट्टीत बसवलं, वर दुसरी बुट्टी पालथी घातली, सुंभानं करकचून बांधलं आणि कोल्हापूरची बस धरली.

बसमध्ये जागा होती, पण बसणार कुठं? पहिल्या बाकड्यावर फेटेवाला होता. आकारामनं विचारलं, "पावणं, घरात जनावरं हायत?"

"हायत की. दोन म्हशी, एक गाय."

"मग ऱ्हाऊ दे," म्हणून आकाराम पुढं सरकला. तिथं एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन. "ताई, घरात गाय हाय?"

"हाय. का वं? इकायची न्हाय."

तिसऱ्यानं तर गाईचं नाव, वेत आणि दूध किती देते तेही सांगितलं. ह्या भागात गाय नसलेला माणूस शोधायचा म्हणजे बसमधून उतरलेलंच बरं. शेवटी आकाराम मागच्या दारापाशी बुट्टी पोटाशी धरून शहर येईस्तोवर उभा राहिला. फेटेवाला शेजारच्याला हळूच काहीतरी म्हणाला आणि दोघे मागं वळून बघून हसले. आकारामनं खिडकीबाहेर बघितलं.

राजारामपुरीतल्या जनावरांच्या दवाखान्यात नुसती कुत्री होती. केसाळ, आंघोळ घातलेली, एकेकाबरोबर दोन-दोन माणसं. आकाराम भिंतीला लागून बसला. नंबर आल्यावर आत गेला आणि बुट्टी टेबलावर ठेवायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "बाई, हिला लंपी झालीया. पर हिला मारू नगा. मी घरातनं भायेर सोडलेली न्हाय. मी बी गेलो न्हाय."

डॉक्टरीणबाईंचं नाव अनुजा. वयानं स्नेहलपेक्षा लहान असतील. त्यांनी पिठीचा कान उलटून बघितला, शेपटीजवळचे केस फुंकून बाजूला केले, चिमटीनं काहीतरी उचललं आणि म्हणाल्या, "आजोबा, लंपी गाईगुरांना होते. मांजराला होत नाही. ह्या बारक्या गाठी पिसवांच्या आहेत. काही मांजरांना पिसू चावलेली सोसत नाही, मग अशा खपल्या धरतात. आणि ही कानामागची, इथं बोक्यानं चावलंय. आत पू झालाय, म्हणून ताप."

"लंपी न्हाय?"

"नाही."

"मंजी कुणाला जायची न्हाय हिच्यापास्नं?"

"गाईंना तर नाहीच. पिसवा तेवढ्या काढू."

त्यांनी गाठ फोडली, पू काढला, जखम धुतली. पिठी अशी किंचाळली की बाहेरची सगळी कुत्री एकदम भुंकली. मग इंजेक्शन झालं, मानेवर पिसवांचं औषध सोडून झालं. पाजायच्या औषधाची बाटली हातात देत बाई म्हणाल्या, "हे सकाळ-संध्याकाळ. एकट्यानं जमणार नाही हं. एकानं धरायचं, एकानं पाजायचं. घरी धरायला आहे ना कोणी?"

"हायत की," आकाराम म्हणाला. "लई माणसं हायत."

परतीच्या बसमध्ये तो बसून आला. त्याला हलकं वाटत होतं. पिठी वाचली, गाय वाचली, आणि आता सगळं सांगून टाकायला मोकळीक मिळाली होती. आक्का कशी हसेल, उदयसिंह धार काढता काढता कसा खिंकाळेल, विजयसिंहला संस्थेत आठ दिवस पुरेल एवढं बोलणं मिळेल. नाना लंपीच्या भीतीनं मांजराबरोबर घरात कोंडून बसला होता! खुळ्यात काढतील. काढू देत. घरी पोचल्यावर त्यानं गुडघ्याचा पट्टा काढून ट्रंकेत टाकला, पिठीला आत ठेवलं, तोंड धुतलं आणि धारेच्या वेळेला आक्काच्या अंगणात शिरला.

त्याच्या दगडावर पेंडीचं पोतं ठेवलेलं होतं.

"या नाना," आक्का चुलीवरचं पाणी उतरवत म्हणाली. "ते पोतं सरका आनि बसा."

आकारामनं पोतं सरकवलं, बसला आणि थांबला. आता विचारतील. उदयसिंह म्हशीखाली बसला होता, त्याचं तोंड दिसत नव्हतं. आक्कानं पेला भरून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "काल तुमी म्हनलासा ते खरं झालं बगा. म्हशीनं आज पान्हा चोरला."

"मी?"

"मग कोण? तुमीच न्हवं काल म्हनलासा, पेंड बदलल्यावर म्हैस पान्हा चोरणार म्हणून? हितंच बसलासा की."

"व्हय की," म्हशीखालून उदयसिंह म्हणाला. "नानाच म्हनलं."

आकारामनं बाजूला सारलेल्या पोत्याकडं बघितलं. एवढे दिवस तो इथं नव्हता, आणि ह्यांच्या लेखी तो रोज इथंच बसून होता. बोलला कोण, देव जाणे; पेंडीच्या पोत्यालाच नाना समजून ह्यांनी आठवडा काढला की काय, असंही त्याला वाटून गेलं. सांगावं का, की आक्का, मी न्हवतो? पण तसं सांगितलं की तिला वाईट वाटणार, आणि वाईट वाटलेलं बघून आपल्याला रडू येणार. ह्या वयात दुसऱ्याच्या गोठ्यात बसून रडणं काही खरं नव्हतं.

"व्हय," तो म्हणाला. "म्हनलो असंन."

दूध पिऊन झालं. मनात आणलेली गोष्ट तशीच राहिली. पण औषधाचं काम तर करायलाच पाहिजे होतं, म्हणून उठता उठता त्यानं विचारलं. आजवर ह्या घरी काही मागायची वेळ त्यानं येऊ दिली नव्हती. "उदय, जरा हात लागंल का रं? पिठीला औषध पाजायचं हाय. एकट्याला धरवत न्हाय."

"आणा की हितंच," उदयसिंह म्हणाला.

आकाराम पिठीला टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. उदयसिंहनं हात पुसले आणि तिची मान धरली. आक्का बल्बखाली जरा वाकली, आणि दुसऱ्या क्षणाला तिनं पोराचा हात ओढला. "उदय, सोड! हात लावू नगंस! गाठी हायत बग अंगावर, लंपी हाय ही!"

"आक्का, लंपी न्हवं," आकाराम घाईघाईनं म्हणाला. "आत्ताच कोल्हापुरास्नं दावून आलो. मांजराला हुत न्हाय म्हनली डाक्टरीण. पिसवाच्या हायत."

"हुत न्हाय म्हनली? अवो, पयल्यांदा आली तवा आपल्याकडं येत न्हाय म्हणत हुती की माणसं. आली न्हाय व्हय?" आक्का गाईच्या आणि मांजराच्या मध्ये उभी राहिली होती. आटलेली गाय विकायला गाडीत चढवली तेव्हाही ती अशीच उभी होती.

उदयसिंहनं बादलीत हात बुडवून खसाखसा धुतले. मग खाली बघत म्हणाला, "नाना, राग मानू नगा. तुमचं खरं बी असंल. पर गाय ह्या म्हयन्यात व्यायची हाय. मांजर बरं होईस्तोवर तुमी बी हिकडं येऊ नगा. दूध मी दारात ठेवत जाईन."

"न्हाय येत," आकाराम म्हणाला. भांडता आलं असतं. भांडायला त्याच्याकडं सगळं होतं, डॉक्टरीणबाईंचं नाव, दवाखान्याचा पत्ता. पण आठवडाभर ज्या भीतीपोटी तो स्वतः आत बसला, तीच समोर आक्काच्या डोळ्यांत होती. तिला काय म्हणून खोटं पाडायचं?

घरी येऊन त्यानं पिठीला दोन गुडघ्यांत दाबून धरलं आणि एकट्यानंच औषध पाजलं. निम्मं सदऱ्यावर सांडलं. मनगटावर लांब ओरखडा उठला. तो धुवून, हळद दाबून तो जेवायला बसला.

सकाळी दार उघडलं तर पायरीवर दुधाची किटली होती. थोड्या वेळानं रस्त्यातूनच मोटारसायकलचा हॉर्न वाजला. विजयसिंह लांब उभा राहून ओरडत होता, "नाना, मांजर कसं हाय? संस्थेत समदी इचारत्यात! तुमी येऊ नगा बरं का, आमीच खबर घेत जाऊ." दुपारी धोंडुबाईनं खिडकीशी येऊन, नाकाला पदर लावून, चिवड्याची पुडी आत टाकली. संध्याकाळी फोन वाजला. "नाना, आक्कांचा फोन आलता," स्नेहल म्हणत होती. "मांजराला लंपी झाली म्हणं? तुमी हिकडं येऊ नगा हं. पर मला रोज फोन करायचा. न्हाय केला तर मी करतो. जेवलासा का? काय केलतं?" काय केलं होतं हे त्याला आठवेना, इतक्या दिवसांत ते कुणी विचारलंच नव्हतं.

आणि धारेच्या वेळेला भिंतीपलीकडून आक्काची हाक आली. "नाना! हायसा न्हवं? मांजर कसं हाय?"

"हाय तसंच," आकाराम म्हणाला.

"जपा. तुमी न्हाईसा तर गोठा मोकळा मोकळा वाटतोय बगा."

त्यानं खुर्ची भिंतीजवळ ओढून घेतली. पुढं रोज असं होऊ लागलं. किटली येई, हॉर्न वाजे, फोन वाजे, हाक येई. गावाला आता रोज ठाऊक होतं, की नाना आज आलेला नाही.

पिठीच्या कानामागची जखम भरली. शेपटीजवळच्या खपल्या एकेक करून गळून पडल्या, उघड्या जागी लव आली, मग केस आले. ती पुन्हा दोन्ही वेळा दूध मागू लागली, आणि तिन्हीसांजेला दाराशी जाऊन फळीवर नख मारू लागली. तिला बाहेर जायचं होतं. आकाराम तिला उचलून आत आणायचा. "थांब गं जरा," म्हणायचा. तिच्याकडं सरळ बघणं मात्र टाळायचा.

दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी आक्काची हाक नेहमीपेक्षा मोठी आली. "नाना! गाय व्याली! कालवड झाली बगा, कपाळावर चांद घिऊन आलीया! मांजर बरं असंल तर या की बघायला!"

आकारामला कालवड बघायची होती. ओली, लटपटणारी, आईला धडका देणारी. तो उठून दारापर्यंत गेलासुद्धा. कडीला हात लावला आणि त्याला तो दगड दिसला, त्याच्या कडेला आपण बसलेलो दिसलो, आणि आपल्याकडं न बघता आपल्याशी बोलणारी ती दोन चांगली माणसं दिसली. पायाशी पिठी दार उघडायची वाट बघत उभी होती. त्यानं तिला उचललं, मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला. बोटाला कुठं काही लागलं नाही.

"नाना, ऐकलासा का? बरं झालं का मांजर?"

"न्हाय आक्का," आकाराम भिंतीकडं तोंड करून म्हणाला. "अजून हायत दोन-चार. उद्या इचारा."